पूल पाडायला 27 तास कशाला लागतात?

‘पूल पाडायचा असल्याने मेगाब्लॉक’, म्हणजे रूळ काही तास गाड्यांसाठी बंद, अशी बातमी आली की फलाटावर एकच चर्चा असते: एवढासा लोखंडी पूल, त्याला इतके तास? मुळात रुळांवरचा पूल ‘पाडत’ नाहीतच. खाली रूळ, सिग्नलच्या केबल आणि ओव्हरहेड वायर असताना तो खाली टाकणार कुठे? तुकडे करून तो वरच उचलून घ्यावा लागतो.

मुंबईतला 1868 सालचा कर्नाक बंदरचा पूल 19 नोव्हेंबर 2022च्या रात्री 11 वाजता काढायला घेतला. ब्लॉक 27 तासांचा म्हणून गाजला, पण तो सगळ्या मार्गांवर सारखा नव्हता. सीएसएमटी ते भायखळा मेन लाइन 17 तासांनी मोकळी करायची होती आणि सीएसएमटी ते वडाळा हार्बर 21 तासांनी. पूर्ण 27 तास मिळाले ते फक्त सातव्या मार्गिकेला आणि यार्डाला. ज्या रुळांवर गर्दी जास्त, त्यांच्या डोक्यावरचा भाग आधी काढायचा, असा हिशोब.

खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. वरची वाहतूक बंद होते, मग पुलाच्या पोटातून गेलेल्या जलवाहिन्या आणि केबल दुसरीकडे वळवतात. सर्वात जास्त दिवस इथेच जातात, कारण प्रत्येक वाहिनीचा मालक वेगळा. त्यानंतर डांबर खरवडतात. जुन्या पुलांवर वर्षानुवर्षं थरावर थर चढलेले असतात. ते वजन उतरलं नाही तर क्रेनच्या वाट्याला गर्डरसोबत, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळईसोबत, रस्ताही येतो.

ब्लॉक सुरू झाला म्हणजे लगेच गॅस कटर पेटला, असं नाही. शेवटची लोकल जाऊ द्यायची, वीज बंद करायची आणि मग तारेला दोन्ही बाजूंनी अर्थिंगचे, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारे, दांडे लावायचे. वीज बंद असली तरी शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेत विद्युतदाब उतरू शकतो. दांडे लागल्याशिवाय कुणी वर चढत नाही. पुलाखालची तार सोडवून बाजूला घेतली आणि रूळ झाकले की मग कापाकापी. जुन्या पुलांचे सांधे रिव्हेटचे. गंजलेलं रिव्हेट पान्याने सुटत नाही, कापावंच लागतं.

क्रेनबद्दल बातम्यांमध्ये नेहमी एक घोळ असतो. ‘350 टनांची क्रेन’ म्हणजे ती 350 टन कुठेही उचलते, असं नव्हे. तो आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आखूड आणि वजन अगदी जवळ असतानाचा. क्रेन उभी रस्त्यावर आणि गर्डर पंचवीस-तीस मीटर पुढे, रुळांच्या मध्यावर. तिथे तिची ताकद मूळच्या छोट्याशा हिश्शावर येते. म्हणून क्रेन कितीही मोठी असली तरी गर्डरचे तुकडे करावेच लागतात, आणि तुकडे वाढले की वेळ वाढतो.

उशीर बहुधा शेवटच्या टप्प्यात होतो. पूल निघालेला असतो, लोक वरून फोटो काढत असतात आणि खाली रुळांमधल्या खडीची सफाई चाललेली असते. तार पुन्हा ताणून तिची उंची आणि रुळाच्या मध्यापासूनचं अंतर टॉवर वॅगनवरून, म्हणजे तारेच्या कामासाठीच्या रुळांवरच्या गाडीवरून, मोजायचं. माप चुकलं तर पँटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, तारेत अडकतो आणि सोमवारची सकाळ वाया जाते. त्यामुळे पहिल्या गाड्या मुद्दाम हळू सोडतात. ब्लॉक चारला संपणार असेल तर सव्वाचारची गाडी धरून बेत आखू नये. गाड्यांचे रेक (जोडलेले डबे) भलत्याच ठिकाणी उभे असतात, वेळापत्रक जाग्यावर यायला आणखी वेळ लागतो.

नवा पूल जुन्याच उंचीवर बसत नाही, ही पुढची अडचण. पूर्वी मुंबईच्या तारेत 1500 व्होल्ट डीसी होतं, आता 25 हजार व्होल्ट एसी आहे. तार आणि पूल यांच्यात आता जास्त मोकळी जागा लागते. अंधेरीच्या गोखले पुलाचं त्रांगडं उंचीवरूनच झालं. रेल्वेच्या नव्या निकषांप्रमाणे पूल उंच बांधला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला होता. शेवटी तोच जॅक लावून उचलला, एका बाजूला 1397 मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 650. स्लॅब उचलून बेअरिंगखाली नवे आधार भरले आणि जुलैमध्ये दोन्ही पूल जोडले. काम उत्तम झालं, पण हा फरक नकाशावरच दिसायला हवा होता.

सायनला पूल काढायचं कारण वेगळं. 1912 सालचा तो पूल मोडकळीला आला होताच, शिवाय कुर्ला-परळ पाचवी-सहावी मार्गिका त्याच्याखाली मावत नव्हती. 1 ऑगस्ट 2024ला तो वाहनांसाठी बंद झाला आणि पुढे रेंगाळला तो वाहिन्या हलवण्यातच.