तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चौकाचं नाव बदलून काय झालं?

प्रागमध्ये राहते म्हटल्यावर लोक आधी थंडीचं विचारतात, मग घरभाड्याचं, आणि मला जरा जास्त ओळखणारे असतील तर तिसरा प्रश्न हमखास येतो. तुमच्याकडे ते रशियन एम्बसीसमोरच्या चौकाचं नाव बदललं होतं ना, तू पण सही वगैरे केली होतीस, मग काय झालं त्याने? विचारण्याचा सूरच असा असतो की उत्तर घरून ठरवून आणलेलं आहे. आणि विचारणारा कोल्हापूरचा असेल तर पुढचा टोला जोडूनच येतो, "तिकडच्या माणसासाठी सही केलीस, आपल्या गावात पानसरेंना मारलं त्याचं काय?" बरीच वर्षं मी हसून विषय बदलत आले, आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

ज्यांना सगळं माहितीये त्यांनी एवढा पॅरा सोडा. बोरिस नेमत्सोव हा येल्त्सिनच्या काळात रशियाचा उपपंतप्रधान होता, पुढे पुतिनचा उघड विरोधक झाला आणि २७ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री क्रेमलिनच्या अगदी जवळच्या पुलावर पाठीत गोळ्या घालून त्याला मारलं. २०१७ मध्ये पाच चेचेन माणसांना शिक्षा झाली, मारायला सांगितलं कुणी हे कोर्टात आलंच नाही. बरोबर पाच वर्षांनी, २७ फेब्रुवारी २०२० ला, प्रागने बुबेनेच भागातल्या रशियन दूतावासासमोरच्या 'पोद काश्तानी' चौकाला त्याचं नाव दिलं. शेजारच्या स्त्रोमोव्का बागेतल्या एका रस्त्याला आन्ना पोलित्कोव्स्काया या पत्रकार बाईचं नाव दिलं, तिला २००६ मध्ये मॉस्कोत राहत्या इमारतीतच मारलं होतं. आणि ही मागणी लावून धरणाऱ्यांमध्ये प्रागला राहणारे रशियन लोकच पुढे होते, हे विचारणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. ऑफिसातल्या एका रशियन मुलीने त्या मागणीचा कागद पुढे केला आणि मी सही केली. त्यात शौर्य काहीच नव्हतं, मला कोण विचारणार होतं.

तर काय झालं? दूतावासाने पत्ता बदलला. त्यांच्या कॉन्सुलेटचं दार कोरुनोवाच्नी नावाच्या रस्त्यावर आहे, त्यांनी तोच पत्ता वापरायला घेतला आणि नेमत्सोवचं नाव कागदावर यायचंच बंद झालं. मी तेव्हा ज्याला त्याला सांगत फिरायचे की आता बघा, प्रत्येक पत्रावर यांना हे नाव लिहावं लागणार, मेलेला माणूस रोज दारात उभा राहणार वगैरे वगैरे, आणि त्यांनी सरळ दुसरं दार लावलं पत्त्याला! मग २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि एप्रिलमध्ये प्रागने त्या कोरुनोवाच्नीच्याही दूतावासालगतच्या तुकड्याचं नाव बदलून 'युक्रेनियन वीरांचा रस्ता' असं केलं. तेव्हा मी हसले हे कबूल करते. पण हसता हसताच वाटलं की हे आता शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या भांडणासारखं व्हायला लागलंय, तू माझ्या दारात टाक, मी तुझ्या.

आणि हा खेळ दोघांनाही येतो. वॉशिंग्टनने २०१८ मध्येच तिथल्या रशियन दूतावासासमोरचा तुकडा नेमत्सोवच्या नावे केला होता. २०२२ मध्ये मॉस्कोने अमेरिकन दूतावासासमोरच्या जागेला 'दोनेत्स्क पीपल्स रिपब्लिक' (युक्रेनमधल्या रशियाधार्जिण्या फुटीरांचा प्रदेश) चौक असं नाव दिलं, तर अमेरिकनांनी वेबसाइटवर पत्त्याच्या जागी अक्षांश-रेखांश टाकले. आपल्याकडेही झालंय की. कलकत्त्यात हॅरिंग्टन स्ट्रीटची हो चि मिन्ह सरणी झाली ती व्हिएतनाम युद्ध चालू असताना, आणि अमेरिकन कॉन्सुलेट आजही त्याच पत्त्यावर आहे. पन्नास वर्षांच्या वर झाली, सगळे निवांत व्हिसाच्या लायनीत उभे राहतात. म्हणजे टोचणारी पाटीसुद्धा काही वर्षांनी नुसता पत्ताच होते, हा तुमचा मुद्दा असेल तर मला मान्य आहे. प्रागच्या लोकांना तर हे शिकवायलाच नको. विनोह्राद्स्का रस्त्याला आधी फ्रान्सच्या मार्शल फोशचं नाव होतं, मग नाझींनी एका जुन्या प्रशियन सेनापतीचं दिलं, मग स्टालिनचं, शेवटी कंटाळून गेलेल्या माणसासारखं भागाचंच नाव देऊन टाकलं. विमानतळाकडे जाणारा एव्रोप्स्का १९९० पर्यंत लेनिनचा होता. आणि नेमत्सोव चौकापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर अमेरिकन राजदूताचा बंगला आहे, त्याच्या रस्त्याला २०११ मध्ये रोनाल्ड रेगनचं नाव दिलं. एकाच मोहल्ल्यात एकाला खूश करायची पाटी आणि एकाला चिडवायची. महापालिका म्हणजे काही गांधीजींचा आश्रम नाही, हे मला २०२० मध्येही कळत होतं.

मग सही का केली. हां, आता खरं सांगते. तारखांमुळे केली.

गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परत येत असताना सागरमाळला घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २० तारखेला मुंबईत पानसरे गेले. २७ ला नेमत्सोव. मध्ये सात दिवस. मी त्या आठवड्यात प्रागमध्ये एका हातात फोन धरून नुसती बातम्या बघत होते, आधी मराठी, मग झेक, आणि आठवडा संपता संपता दोन्हीकडे एकच फोटो असल्यासारखं व्हायला लागलं, पोलिसांची पट्टी आणि रस्ता. त्याच्या दीड वर्ष आधी पुण्यात ओंकारेश्वरच्या पुलावर दाभोलकर. तोही पूल, हाही पूल. लोकांना हे ओढून ताणून जोडलेलं वाटतं, एक मित्र तर म्हणाला की पानसरे कम्युनिस्ट आणि तुझा नेमत्सोव खाजगीकरणवाला, समोरासमोर आले असते तर भांडले असते. आले असते तर भांडले असतेच. पण भांडले असते, गोळ्या नसत्या घातल्या एकमेकांना, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता ते प्रकरण. ज्यावरून घरचे अजून टोमणे मारतात.

पाटी लागली त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून गेले होते. गर्दी होती, नेमत्सोवची मुलगी झान्ना आली होती, पोलीस होते, लाल पाटीवर पांढरी अक्षरं. मी फोटो काढला आणि ट्राम स्टॉपवर आल्यावर आमच्या राजारामपुरीच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पानसरे अण्णा गेले त्याच्या सातव्या दिवशी ह्याला मारलं. ह्याच्या नावाचा चौक झाला बघा इथं." दोन अंगठे आले. एका वहिनीने हात जोडले. आत्याने, तिला वाटलं असेल काहीतरी उद्घाटन आहे, 'अभिनंदन' टाकलं. आणि मग काकांचा फोन.

काका म्हणजे कोण हे कळल्याशिवाय यात काही अर्थ नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, पार्टीबिर्टीत कधीच नाही, पण टोलच्या आंदोलनात अण्णांच्या मागून मोर्च्यात चाललेला. अंत्ययात्रेला गेले होते. त्या रात्री जेवले नाहीत असं काकू सांगतात. आणि त्यानंतर त्यांनी सकाळचं फिरणं बदललं. घरापासून चालत सागरमाळच्या बाजूला जायचे ते बंद, आता गाडी काढून रंकाळ्याला जातात, गाडी लावतात आणि तिथे फिरतात. कारण विचारलं तर म्हणतात हवा बरी असती.

"त्यो फोटो काढून टाक ग्रुपवरनं," एवढंच. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

मी म्हटलं का? तर म्हणे, "काढ म्हटलं की. ग्रुपवर सोयऱ्याधायऱ्यांची पोरं हाईत, कोण कुठल्या विचाराचं, कोण कुठं फॉरवर्ड करंल. तुला काय, तू तिकडं."

"काका, तुम्ही स्वतः गेला होता की अंत्ययात्रेला."

"गेलतो. म्हणूनच सांगालोय."

मग मी चिडले. भर थंडीत ट्राम स्टॉपवर मोठमोठ्याने मराठीत भाषण दिलं की इथे बघा, महापौर आले, पोलीस संरक्षण द्यायला होते, लोकांनी फुलं आणली, आणि आपल्याकडे घरच्या ग्रुपवर नाव घ्यायची चोरी. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तिथं दिलं नाव. रशियात दिलं व्हय?"

मला काही बोलता येईना. तर पुढे तेच बोलले, आणि हे मला शब्दन्‌शब्द लक्षात आहे, "आणि इथं द्यायचं म्हटलं तर काय हुतंय सांगू का? पाटी लागंल. मग कोण तरी काळं फासंल. मग मोर्चा, मग बंद, मग दोन पोलीस खुर्ची टाकून आमच्या दारात. आमची गल्ली नंबरची हाय, नंबरचीच बरी." मग जरा थांबून, "तास व्हायचा हाय अजून. सगळ्यांचं डिलीट हुतंय बघ."

तेव्हा 'डिलीट फॉर एव्हरीवन'ला तासाभराचीच मुदत असायची. हे त्यांना माहीत होतं. सत्तरीच्या माणसाने हे शोधून काढलेलं होतं, आणि मला सगळ्या बोलण्यात तेच लागलं.

मी काढला फोटो. ग्रुपवर ती करड्या अक्षरांची ओळ राहिली, मेसेज डिलीट केल्याची. आत्याने विचारलं, काय होतं गं? मी लिहायच्या आत काकांनी लिहिलं, "चुकून आला असंल."

यावर मला शहाणपण शिकवणारे दोन्हीकडचे भेटतात. काही म्हणतात काढायलाच नको होता, काकांची भीती म्हणजेच त्या लोकांचा विजय. असेल. पण त्या गल्लीत राहायचंय काकांना, तुम्हाला नाही आणि मला तर नाहीच नाही. काही म्हणतात बघ, शेवटी सिद्ध झालं ना, परदेशातली फुकटची क्रांती. यांचा मला जास्त राग येतो कारण त्यांचं निम्मं खरं आहे. शत्रूच्या दारात पाटी लावायला काही लागत नाही असं मीही म्हणते, पण अगदीच काही नाही असंही नाही. त्याच वसंतात प्रागच्या महापौरांना पोलीस संरक्षणात राहावं लागलं, विष घेऊन माणूस आलाय अशी बातमी होती. ती खोटी निघाली, रशियन दूतावासातल्याच अंतर्गत भांडणातून कुणीतरी सोडलेली, आणि दोन रशियन अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढलं. खोटी निघाली हे नंतर कळलं हो, तेवढे आठवडे त्या माणसाने कसे काढले असतील.

आणि काकांचा प्रश्न, रशियात दिलं व्हय. नाही दिलं. मॉस्कोत त्या पुलावर साधी पाटी लावायला परवानगी मिळाली नाही, तो राहायचा त्या घरावर तेवढी २०१८ मध्ये लागली. पुलावर लोक फुलं आणून ठेवतात, कोणीतरी येऊन ती उचलून नेतं, की परत ठेवतात. पाळ्या लावून पहारा देतात फुलांवर. २०१७ मध्ये इव्हान स्क्रिपनिचेन्को नावाचा एक जण असाच पहाऱ्यावर असताना त्याला एकाने तोंडावर मारलं, काही दिवसांनी तो वारला. तर नावाने, फुलांनी, पाटीने काही होत नाही म्हणणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे, काही होत नसेल तर ती उचलायला माणसं कशाला पाठवतात? आणि राजारामपुरीतल्या एका निवृत्त माणसाने आंतरराष्ट्रीय फोन कशाला केला?

हे मी बोलले की मला माझंच कॉलेजातलं बोलणं आठवतं. कोल्हापुरात चौक म्हटला की पाटी आलीच, तालमीची, मंडळाची, नगरसेवकाच्या वडिलांची, आणि मी तावातावाने म्हणायचे की मेलेल्या माणसाला बंदोबस्तात ठेवायचा असेल तर त्याच्या नावाचा चौक करा, एकदा हार घातला की वर्षभर विचारायला नको. ती मुलगी मूर्ख नव्हती. नेमत्सोवचंही तेच होतंय. निझ्नी नोव्हगोरोदचा गव्हर्नर असताना चेचेन्यातल्या युद्धाविरुद्ध त्याने दहा लाख सह्या गोळा करून येल्त्सिनला नेऊन दिल्या होत्या, तेही खरं. सुरुवातीला पुतिन चालेल म्हणणाऱ्यांत तो होता, तेही खरं. पाटीवर यातलं काही मावत नाही, नुसतं नाव मावतं. पण त्या मुलीला मी हेही सांगीन की बाई, कुणाची पाटी लागायला कुणाचीच हरकत नसते आणि कुणाची लागली की झोप उडते, एवढा फरक तर कर.

दाभोलकरांच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, सूत्रधाराचा पत्ता नाही. पानसरेंच्या खुनाला दहा वर्षं होऊन गेली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता. अण्णांचं स्मारक कोल्हापुरात झालंय, माहितीये मला, ते सांगायला मुद्दाम फोन करू नका. काका जाऊन आले तिथे, त्यांनीच सांगितलं, मी विचारलं फोटो काढला का, तर म्हणे मोबाईल घरात राहिला होता.

परत अशी सही करशील का, असंही विचारतात. करीन. आणि ग्रुपवर टाकशील का? ते काकांना विचारून सांगते.