तुम्ही विचारलंत म्हणून: टाळ्या वाजल्या की माझं तोंड वाकडं का होतं?

रविवारची चर्चमधली भक्ती संपते, वर्शिप टीमसाठी, म्हणजे पुढं उभं राहून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांसाठी टाळ्या होतात, आणि कुणीतरी पेटीपाशी येऊन विचारतंच, "तुम्हाला पोरांचं कौतुक नाही का हो? देव एवढं काम करतोय मंडळीत, अन् तुमचं तोंड असं!" दर वेळी मी हसून पेटीचा भाता बंद करतो. आज एकदाचं सांगून टाकतो.

कौतुक आहे. कशाचं, यावर आपलं जमत नाही.

पुनरुत्थानाच्या सणाचंच, ईस्टरचंच घ्या, तुम्हीच नेहमी त्याचा दाखला देता. सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, काळी एकवर होता. ध्रुवपद मध्य सप्तकातलं, त्यामुळे मंडळी, म्हणजे बाकांवरचे सगळे उपासक, मोकळ्या गळ्यानं गात होती. पण अंतरा तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'ला जातो, आणि काळी एकचा तार गंधार म्हणजे वरची पांढरी चार. रोज रियाज न करणाऱ्या माणसाचा गळा वरच्या पांढरी दोनपर्यंत सुखानं जातो. त्यापुढे तो चिरकतो, नाहीतर माणूस गप्प बसतो. पहिल्या अंतऱ्याला पुरुषांनी एक सप्तक खाली उतरून पाहिलं, तिथं ते पुटपुटायलाच लागले. दुसऱ्याला बायकांच्या बाजूची पुस्तकं मिटली. तिसऱ्याला एकच आवाज उरला, माईकवरच्या पोरीचा. सुरेल, तयार आवाज, त्यात वादच नाही. केरवा तालही पळायला लागला, कारण गाणारी मंडळी तबल्याला मागं ओढून धरते आणि गप्प मंडळीपुढे त्याला लगामच राहत नाही. शेवटी टाळ्यांचा कडकडाट. देवळात कुणीच गात नव्हतं, त्याला टाळ्या!

आणि हो, तो सा मीच दिला होता. तिच्या गळ्याला विचारून दिला, मंडळीच्या गळ्याला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तेच गाणं काळी पाचवर घेतलं. काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. तार गंधार बरोबर पांढरी दोनवर आला. त्या पोरीला मात्र मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम लागेना, आवाजाची सगळी चमक गेली. तिनं ते मुकाट सोसलं. शेवटच्या अंतऱ्याला तिनं माईक हातभर लांब धरला, तबल्याला खूण करून थांबवलं आणि नुसत्या झांजेवर ओळ मंडळीच्या हवाली केली. मागच्या बाकांपर्यंत सगळे गायले. तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही, आणि "छान झालं" असं एकही माणूस म्हणाला नाही. माझ्या लेखी तिचं कौतुक त्या रविवारी व्हायला हवं होतं.

कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपल्याला अभंग-ओव्यांत गायला लावलं, तेही याच कारणासाठी. विलायती चालीत कोंबलेल्या मराठीची ऱ्हस्व-दीर्घात इतकी ओढाताण व्हायची की गाताना अर्थच निसटायचा. गाणं मंडळीच्या तोंडी बसलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. म्हणून सा ठरवताना ध्रुवपद बघत बसू नका, अंतऱ्यातला सगळ्यात वरचा स्वर शोधा. क्रमांक दोनदा सांगा आणि पानं उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत पेटीवर मुखडा फिरवत राहा. नवी चाल एका रविवारी एकच. टीमसमोरचा स्पीकर इतका मोठा ठेवू नका की त्यांना स्वतःशिवाय काही ऐकूच येणार नाही. मंडळी गप्प झालीय हे त्यांना कळायचं कसं?

कौतुकच करायचं तर बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा 13 वा अध्याय काढा. उपजीविकेचे वाटे मिळाले नाहीत म्हणून लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, आणि गायक आपापल्या शेतावर निघून गेले होते. त्यांना परत आणायला नहेम्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, अधिकाऱ्यांना जाब विचारला. आपल्याकडे पेटीचे दोन सूर उतरलेत, डग्ग्याची शाई उडालीय, तालमीला येणाऱ्या पोरांच्या एसटीभाड्याचं चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत नावही निघत नाही, आणि गाण्यांची यादी शनिवारी रात्री बदलते. यादी बुधवारी द्या हो, तेवढं कौतुक पुष्कळ झालं.

आता देव काम करतोय का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पूर्वी मी छातीठोक सांगायचो, सगळे गायले म्हणजे देव हजर. आता तसं म्हणवत नाही. काळी पाचवर कुणीही गाईल. त्यात देवाचा हात किती आणि पट्टीचा किती? बायबलातल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात 120 याजक कर्णे वाजवतात, गायकांचा आणि त्यांचा एकच सूर लागतो आणि मंदिर ढगानं असं भरतं की याजकांना सेवेला उभं राहवत नाही. सूर लागला म्हणून ढग आला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. तिथं तसं कुठं लिहिलंय? आणि त्या सणाच्या दिवशी पुस्तक मिटून बसलेल्या बायकांच्या मनात काय चाललं होतं, हे पेटीवरून मला कसं दिसणार? तुम्ही टाळ्या वाजवताना कदाचित तेच बघत असाल. असालही.

येत्या रविवारच्या यादीत एक गाणं मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत जातं. काळी पाच दिली तर वरचा मध्यम चिरकतो, काळी चार दिली तर खालचा पंचम बायकांना सापडत नाही. अजून ठरलेलं नाही. गुरुवारी तालमीला या, मागच्या बाकावर बसा आणि कुठं गळा अडतो ते सांगा.