दावणीची रिबका

इस्राएलमधल्या अश्दोदला एका आजींची देखभाल करायला लागून मला तिसरं वर्ष. आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. मूळ नवगावच्या, वाढल्या माझगावात. इथल्या ओळखपत्रावर त्या रिवका, पण स्वतःला म्हणतात रिबका. माझी हिब्रू कामापुरती, नातीची मराठी चहा मागण्यापुरती. त्यामुळे घरात कुणी आलं की गोळ्यांच्या डब्यासोबत दुभाषेपणही माझ्याकडेच.

गेल्या महिन्यात नात आली. कुशीत आठ दिवसांची मुलगी, मागे नवरा. शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, नाव पुकारायचं होतं आणि ठरत नव्हतं. नातीला रिवका हवं होतं. नवऱ्याच्या घरचे पोलंडकडचे, त्यांच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. हे आजींना कसं सांगायचं? बीपीचा पट्टा बांधता बांधता सांगून टाकलं.

“म्हणजे मी कधी जाते याची वाट बघतायत होय!” म्हणून आजी इतक्या हसल्या की बीपी पुन्हा मोजावा लागला.

नवरा म्हणाला, नावही जरा जुनंच वाटतं. खोटं नाही ते. कर्मठांच्या वस्तीत आजही एक हाक मारली तर चार रिवका वळतील, पण आमच्या खालच्या बागेत सगळ्या नोआ नाहीतर तामार. नोआ कितीतरी वर्षं पहिल्या नंबरावर होती, 2016 मध्ये तामारने तिला मागे टाकलं.

“जुनं? आमच्या कदुरी शाळेच्या प्रिन्सिपॉल रिबेका रूबेन. त्यांच्यापुढे बोलून दाखव म्हणावं.”

एवढं मी भाषांतर केलं नाही.

मग नातीने फोनवर अर्थ शोधला आणि तिचा चेहरा उतरला. एका मतानुसार मूळ धातू बांधण्याचा, अरबीतला त्याच्या जवळचा शब्द म्हणजे कोकराच्या गळ्यातला फास. फास! तान्ह्या मुलीला? मला मात्र हसू आलं. मी शिराळ्याकडची, गोठ्यात वाढलेली. “आजी, दावं हो ते, दावं!” तेव्हा नवऱ्यालाही आठवलं, बायबलातल्या आमोसच्या पुस्तकात त्याच धातूचा ‘मरबेक’ आहे, बांधून, खाऊ घालून पोसलेल्या वासरांची जागा. म्हणजे आमची दावणच की.

आजींना वासरू काही रुचलं नाही. “दहा उंटांना पाणी पाजलंय बायबलातल्या त्या रिबकानं, विहिरीवरनं, एकटीनं!” तहानलेला उंट एका दमात शंभरेक लिटर पितो. किती घागरी झाल्या, तुम्हीच मोजा.

शेवटी तामार ठरलं. तामार म्हणजे खजुराचं झाड. मी मराठीत सांगितलं. आजी बराच वेळ पट्ट्याच्या वळाकडे बघत दंड चोळत राहिल्या.

“बरं. आमच्या शुभकार्याच्या मलिद्याच्या ताटात खजूर लागतोच.”

आता रोज सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी मला विचारतात, “अगं, खजुरीचा नवा फोटो आला का?”