योसेमिटी : सरकारी उद्यान, कंत्राटी मुक्काम

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर प्रवेशशुल्क घेणारी व्यक्ती केंद्र सरकारची नोकर असते. मात्र त्यानंतर खोलीची किल्ली देणारा, पिझ्झा भाजणारा, सायकल भाड्याने देणारा आणि उघड्या गाडीतून दरीची सहल घडवणारा माणूस बहुतेक वेळा कंत्राटदार कंपनीचा असतो. नाशिकहून आलेल्या सासूसासऱ्यांना घेऊन आम्ही वसंत ऋतूत तेथे गेलो, त्या वेळी नियोजनात सर्वाधिक उपयोगी पडली ती हीच माहिती. ताडोब्याला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना फाटकाबाहेरच्या रिसॉर्टात उतरून पहाटे जिप्सीने जंगलात शिरायची सवय असते. योसेमिटीत हॉटेले आणि तंबू थेट दरीत, हजारेक मीटर उंचीच्या ग्रॅनाइटच्या कड्यांच्या पायथ्याशी आहेत, आणि ती चालवण्याचे काम १ मार्च २०१६ पासून पंधरा वर्षांच्या करारावर अ‍ॅरामार्क या कंपनीकडे आहे.

जमीन उद्यान सेवेच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, ताब्यात राहते. कंपनी निविदा भरून व्यवसाय करते, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा शुल्क म्हणून देते आणि १९९८ च्या कायद्यानुसार त्यातील ८० टक्के रक्कम त्याच उद्यानासाठी वापरली जाते. खोल्यांचे दर उद्यानाबाहेरच्या तुलनेजोग्या हॉटेलांशी ताडून उद्यान सेवा मंजूर करते. तरीही दरीत राहायचे, जेवायचे आणि किराणा घ्यायचा तो जवळजवळ एकाच कंपनीकडून, त्यामुळे आत गेल्यावर घासाघीस किंवा पर्याय असा फारसा उरत नाही. दरीतल्या योसेमिटी व्हिलेज या वस्तीतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गॅलरी हे छायाचित्रांचे दुकान त्याला एक सुखद अपवाद आहे. १९०२ साली सुरू झालेले हे दुकान स्वतंत्र परवान्यावर आजही ते सुरू करणाऱ्या कुटुंबाकडेच आहे.

आरक्षणाचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. हॉटेल, लॉज आणि कापडी तंबू कंपनीच्या संकेतस्थळावर ३६६ दिवस आधी खुले होतात. स्वतःचा तंबू ठोकण्याच्या जागा मात्र सरकारी रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतात. दरीतील प्रमुख तळांच्या जागा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, तेथील घड्याळाप्रमाणे सकाळी ७ वाजता सुटतात आणि उन्हाळ्यातल्या तारखा काही मिनिटांत संपतात. वर्षभर आधी बेत ठरवणे अनेकांना शक्य नसते. अशांनी मुक्कामाच्या आदल्या आठवड्यात कंपनीचे संकेतस्थळ रोज तपासावे, कारण रद्द झालेल्या खोल्या त्या सुमारास परत दिसू लागतात. गूगलवर वरती झळकणारे मध्यस्थ टाळावेत. उद्यानातलेच वावोना हॉटेल डिसेंबर २०२४ मध्ये इमारतीच्या तपासणीसाठी बंद करण्यात आले. तो पर्याय मनात असल्यास आधी उद्यानाची सूचना पाहावी.

आम्ही करी व्हिलेजमधील तंबूत उतरलो. करी दांपत्याने १८९९ मध्ये काही तंबू ठोकून सुरू केलेल्या मुक्कामाचा हा विस्तार. ग्लेशियर पॉइंटवरून रात्री जळते निखारे कड्याखाली लोटण्याचा ‘फायरफॉल’ हा खेळ याच पाहुण्यांच्या करमणुकीसाठी अनेक दशके चालला आणि उद्यान सेवेने तो जानेवारी १९६८ मध्ये थांबवला. निसर्ग पाहायला आलेल्या माणसाला आणखी काय दाखवावे लागते, असा प्रश्न त्या काळच्या व्यावसायिकांना पडत नसावा. २००८ साली कडा कोसळल्यानंतर येथील धोक्याच्या पट्ट्यातील अनेक तंबू आणि खोल्या कायमच्या बंद झाल्या, तर २०१२ मध्ये उंदरांमुळे पसरलेल्या हंताविषाणूची दहा जणांना लागण होऊन तिघे दगावले, तेव्हा दुहेरी भिंतींचे तंबू काढून टाकण्यात आले. आज राहणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, पण तंबूत उंदराच्या लेंड्या दिसल्यास स्वतः झाडू न मारता कार्यालयाला कळवावे. भिंती कापडाच्या असल्याने शेजाऱ्याचे घोरणे ऐकू येते आणि रात्री सामाईक स्वच्छतागृहापर्यंत चालत जावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी योसेमिटी व्हॅली लॉज अधिक सोयीचा.

सासऱ्यांना अवाहनी हॉटेल पाहायचे होते. १९२७ चे हे दगडी हॉटेल परवडले नाही तरी त्याचे दालन पाहायला जावे, आणि पाहताना त्याच्या नावावरचा खटलाही आठवावा. डेलावेअर नॉर्थ या कंपनीकडे १९९३ पासून येथील कंत्राट होते आणि त्या काळात तिने अवाहनी, करी व्हिलेज यांसारखी नावे व्यापारचिन्हे म्हणून नोंदवली होती. कंत्राट हातचे गेल्यावर ती नावे आणि इतर अमूर्त मालमत्ता यांपोटी तिने सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर मागितले. निकाल लागेपर्यंत सरकारने पाट्याच बदलल्या : अवाहनीचे ‘मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल’ झाले, करी व्हिलेजचे ‘हाफ डोम व्हिलेज’. जुलै २०१९ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली, त्यातील मोठा वाटा अ‍ॅरामार्कने आणि उरलेला सरकारने भरला, आणि जुनी नावे परतली. खासगी व्यवस्थापनाला माझा विरोध नाही. आमच्या मुक्कामात कर्मचारी तत्पर होते. परंतु सार्वजनिक वारसा भाड्याने देताना त्याचे नाव कोणाचे, हे करारात पहिल्याच दिवशी लिहिलेले असावे.

जेवणाबाबत : शाकाहारींना पिझ्झा, सॅलड आणि बटाट्यावर भागवावे लागते. मर्सेड नदीकाठच्या हाउसकीपिंग कॅम्पमध्ये राहिल्यास स्वयंपाकाची मुभा आहे, करी व्हिलेजच्या तंबूंत नाही. किराणा उद्यानाबाहेरच्या मारिपोसा, ओकहर्स्ट किंवा ग्रोव्हलँड या गावांतून घेऊन यावा. अस्वलांमुळे खाद्यपदार्थच नव्हे, तर साबण, दातांची पेस्ट, तेलाची बाटली असे वास येणारे सर्व काही लोखंडी पेटीत ठेवणे बंधनकारक आहे. लोणच्याची बरणी रात्री गाडीत राहता कामा नये.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी एक नवा खर्च धरावा. २०२६ पासून योसेमिटीसह अकरा उद्यानांत अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या प्रत्येक व्यक्तीला नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर अधिक द्यावे लागतात. त्याऐवजी २५० डॉलरचा वार्षिक पास मिळतो. दोन-तीन उद्याने पाहायची असल्यास पासच घ्यावा. ही रक्कम कंपनीच्या आरक्षणात धरलेली नसते, ती फाटकावर किंवा सरकारी संकेतस्थळावर वेगळी भरायची असते.