सकाळचं दूध आणि जुनं 5.7

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "साहेब, बिलाची यादी बघा जरा. एका जर्सीवाल्या म्हातारबाबांना दहा दिवसांचे 21 हजार दाखवतंय. आणि दहा म्हशी असलेल्याला तीन हजार."

संस्थांच्या दुधाचा हिशोब ठेवणारं ॲप आमचं. आदल्या रात्री आम्ही त्याचा डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मायएसक्यूएलच्या, 5.7 आवृत्तीवरून 8.0 वर गेलो होतो. 5.7 चा आधार ऑक्टोबर 2023 मध्येच संपला होता, म्हणजे जायचं तर होतंच. आकडे खोटे नव्हते, फक्त भलत्याच नावांपुढे बसले होते. दुसऱ्या दिवशी यादी बँकेत जायची. कारण कळेना, तेव्हा ठरलं की मागे फिरायचं.

बंद सर्व्हरचा डेटा फोल्डर रात्री सव्वाअकराला जसाच्या तसा कॉपी करून ठेवला होता. तो 5.7 वर लावायचा म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण सकाळी साडेपाचपासून अठरा संस्थांनी जे दूध मोजलं, त्याच्या नोंदी नव्या सर्व्हरवर. त्या कुठून आणायच्या? 8.0 चा फोल्डर 5.7 ला वाचता येत नाही, टेबलांची माहिती ठेवायची पद्धतच बदलली आहे. अख्खा डंप, म्हणजे सगळा डेटा मजकुराच्या फाइलीत, काढून भरायला गेलो तर पहिल्याच टेबलाला 'अननोन कोलेशन'. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम, आणि हे 5.7 ला माहीतच नव्हतं. नव्याबरोबर नवं म्हणून हौसेने आम्हीच सगळ्या टेबलांचं कोलेशन बदललं होतं! ते नाव डंपमध्ये बदलता आलं असतं, पण आठ वर्षांचा डेटा भरायला रात्र गेली असती आणि संध्याकाळचं संकलन साडेपाचला.

मग ॲप बंद केलं, सचिवांना सांगितलं, आणि फक्त रविवारच्या तारखेच्या ओळी काढून जुन्यात घातल्या. ओळींची संख्या जुळली. सुटलो म्हणून चहा मागवला. सवयीने संस्थावार लिटरची बेरीज लावली, तर एका ठिकाणी 7.5 लिटरचा फरक.

शनिवारी संध्याकाळी कुणीतरी 9 ऐवजी 1.5 लिटर टाकलं होतं आणि रविवारी सकाळी ते दुरुस्त केलं होतं. ओळ जुनी, तारीख शनिवारची, बदल मात्र आजचा. तारखेच्या चाळणीत तो सापडणार कसा?

वाचवलं बिनलॉगने, म्हणजे डेटातला प्रत्येक बदल टिपून ठेवणाऱ्या फाइलीने. 5.7 वर आम्ही तो कधी चालू केला नव्हता, 8.0 मध्ये तो मुळातच चालू असतो. 'मायएसक्यूएलबिनलॉग' नावाच्या साधनाने ती फाइल उलगडल्यावर प्रत्येक 'अपडेट'खाली आधीची ओळ आणि नंतरची ओळ दिसते. रकान्यांना नावं नाहीत, नुसते @1, @2, @3. वही घेऊन बसलो, @6 म्हणजे लिटर, @7 म्हणजे फॅट. त्यात आणखी दोन दुरुस्त्या निघाल्या, दोन्ही फॅटच्या. शिवाय एका उत्पादकाचा बदललेला खाते क्रमांक. या तिन्हींनी लिटरची बेरीज हलत नाही. ते 7.5 लिटर नसते, तर बिनलॉग उघडलाच नसता आणि एका माणसाचं बिल जुन्या खात्यात गेलं असतं. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पाच वाजून वीस मिनिटांनी ॲप सुरू केलं.

कारण सोमवारी सापडलं. 5.7 मध्ये 'ग्रुप बाय' केलं, म्हणजे एकेका सभासदाच्या ओळी एकत्र करून बेरीज मागितली, की निकाल आपोआप क्रमाने लागायचा, 8.0 मध्ये ती सोय काढली आहे. आमचा प्रोग्राम नावांची यादी सभासद क्रमांकाने आणायचा, बेरजा वेगळ्या आणायचा आणि ओळीला ओळ चिकटवायचा. आता बिलाच्या पहिल्या दिवशी, 11 तारखेला सकाळी रांगेत जो आधी आला त्याची बेरीज वर येत होती. ते चिकटवणं माझंच, 2016 सालचं.

तीन आठवड्यांनी परत 8.0 वर गेलो. क्रम स्पष्ट सांगणारं 'ऑर्डर बाय' घातलं होतं, कोलेशनला हात लावला नाही, आणि जुन्या 11 ते 20 ची बिलं आधी दोन्हीकडे काढून शेजारी ठेवून पाहिली.