सागरगोट्याचे खाते

माझी सात वर्षांची नात ब्रुकलिनमध्ये राहते. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेलो असताना तिथले मुलांचे संग्रहालय तिनेच मला, स्वतःच्या मालकीचे असल्याच्या थाटात, हिंडून दाखवले. १६ डिसेंबर १८९९ रोजी उघडलेले हे संग्रहालय जगातले पहिले बालसंग्रहालय मानले जाते. अ‍ॅना बिलिंग्ज गॅलप नावाच्या बाई १९०२ साली तिथे रुजू झाल्या आणि पुढची पस्तीस वर्षे तिथेच रमल्या. मुलांनी वस्तू नुसत्या पाहू नयेत, हाताळाव्यात, हा आग्रह त्यांनी धरला. आमच्या लहानपणी संग्रहालय म्हटले की आठवते ती ‘हात लावू नये’ ही पाटी, त्यामुळे मला त्या बाईंविषयी फार आदर वाटला.

तिथल्या संग्रहात सुमारे तीस हजार वस्तू आहेत आणि त्यांची ढोबळमानाने दोन खाती आहेत. एका खात्यात खडक, खनिजे, जीवाश्म, कीटक, पेंढा भरलेले पक्षी आणि आशियाई हत्तीचा अख्खा सांगाडा. दुसऱ्यात बाहुल्या, मुखवटे, वाद्ये, दागिने आणि रोजच्या वापरातल्या घरगुती वस्तू. निसर्गाचे ते निसर्गाकडे, माणसाचे ते माणसाकडे, अशी ही वाटणी. एवढ्या पसाऱ्याची नोंद ठेवायची तर तिला इलाज नाही, हे मलाही कळते. तरीही त्या दिवसापासून मला माझा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सारखा आठवू लागला.

त्या डब्यात पाच सागरगोटे, मूठभर गुंजा, चिंचोके, सात कवड्या आणि सापाच्या कातीचा एक तुकडा आहे. यातली कात तेवढी निःशंकपणे निसर्गाच्या खात्यात जाईल, बाकीच्यांचे काय करावे? गुंज ही वेलीवरची बी. पण आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, या हिशेबाने पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले गेले, तेव्हा तिला वजन म्हणावे की बी? कवडी हे समुद्री गोगलगाईचे घर. तिने बाजारात नाण्याचे काम केले आणि सारीपाटावर फाशाचे. चिंचोका तर दोन भागांत फोडून दगडावर घासला की झाला फासा, त्याला कारागीरही लागत नाही.

सर्वांत मोठी पंचाईत सागरगोट्याची. काटेरी शेंगेत वाढणारी ही करडी, गुळगुळीत, दगडासारखी टणक बी माझ्या बहिणीच्या लेखी खेळणे होती, कारण एक गोटा वर उडवून तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे बाकीचे उचलण्यात तिचा हात कोणी धरत नसे. आजीच्या लेखी ते पोटदुखीवरचे औषध होते, त्यामुळे पाचांपैकी एखादा गोटा अधूनमधून गायब होई आणि सहाणेवर सापडे. नातीसाठी ते पाचही गोटे मी न्यायला निघालो, तर मुलाने फोनवरून बजावले की, बाबा, ते बियाणे आहे, विमानतळावर अडवतील. म्हणजे कस्टमच्या अधिकाऱ्याने त्याचे तिसरेच खाते उघडले. डबा पुण्यातच राहिला.

गंमत अशी की, सागरगोट्याला माझ्या बॅगेची मुळीच गरज नाही. त्याच्या टणक कवचातून पाणी आत शिरत नाही. त्यामुळे तो महिनोन्‌महिने समुद्रावर तरंगतो आणि उष्ण प्रदेशातल्या कितीतरी किनाऱ्यांवर जाऊन रुजतो. अटलांटिक ओलांडून आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या थंड किनाऱ्यांनाही तो लागलेला आहे, रुजत नाही एवढेच. हे मी नातीला फोनवर सांगितल्यापासून ती कोनी आयलंडच्या वाळूत करडा गोटा शोधते आहे. आतापर्यंत तिला दोन शिंपले, एक खेकड्याची नांगी आणि सोडावॉटरच्या बाटलीची तीन बुचे मिळाली आहेत, आणि ती सगळी तिने बुटांच्या एकाच खोक्यात ठेवली आहेत.