बारवेचा काळा दगड आणि हिरवी प्रिंट : परभणी ते संभाजीनगर

वालूरच्या बारवेत पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. सेलू तालुक्यातली ही बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, तेव्हापासून मी तिथे जातोय. तिथले आणि चारठाण्याचे मिळून बारा फोटो निवडले, ब्लॅक अँड व्हाईट केले आणि १२ बाय १८ इंचात छापायला परभणीतच दिले. एका प्रिंटला ८० रुपये. प्रिंट आली ती हिरवी. म्हणजे गवतासारखी नव्हे, पण काळ्या दगडाच्या मधल्या करड्या छटांवर हिरवी झाक. काउंटरवरचा म्हणाला, "सर, बारव आहे ना, शेवाळ असतंयच की."

पुन्हा काढून दिली, तर जांभळट.

यात त्या पोराचा दोष फारसा नाही. लग्नाचे अल्बम ज्या कागदावर निघतात त्यात काळी शाई नसतेच. कागदावर निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग देणारे थर असतात, मशीन त्यावर प्रकाश टाकतं आणि मग कागद रसायनातून जातो. तिन्ही रंग बरोबर तोलात आले तरच डोळ्याला करडा दिसतो. रसायन जरा जुनं झालं की तोल कलतो. नवरीच्या शालूत हे कुणाला कळत नाही, कारण तिथे लपायला रंग भरपूर. बारवेच्या दगडात मात्र लगेच उघडं पडतं.

म्हणून संभाजीनगर. सकाळच्या गाडीने सेलू, परतूर, जालना करत गेलो. सोबत पेन ड्राइव्ह, परभणीची हिरवी प्रिंट (ही नक्की न्या, तोंडी सांगून कुणाला पटत नाही) आणि एक चाचणीची फाईल. तिच्यात शुभ्र ते काळा अशा २१ पायऱ्यांची पट्टी आणि खाली बारवेच्या तळाचा तुकडा. ८ बाय १२ मध्ये बसते, काढायला फार पैसे लागत नाहीत, आणि लॅबची सगळी कुंडली तिच्यात दिसते.

स्टेशनवरून रिक्षाने क्रांती चौक, तिथून पायी. पैठण गेट, औरंगपुरा, गुलमंडी, निराला बाजार हा पट्टा चालत होण्यासारखा आहे. पहिल्या लॅबमध्ये अल्बमचे ढीग इतके की माणूस दिसेना. लग्नसराईत जाऊ नका, हे मला आधी सुचायला हवं होतं. दुसरीकडे रसायनाऐवजी शाईवर चालणारं मशीन होतं. पट्टी दुकानात झकास दिसली. ती घेऊन बाहेर रसवंतीसमोर उन्हात धरली, तर मधल्या सात-आठ पायऱ्या गुलाबी. तिथेही करडा रंगीत शायांच्या मिश्रणातूनच बनत होता, आणि असा करडा दिवा बदलला की रंग बदलतो. त्यामुळे प्रिंट तीन ठिकाणी बघा: ट्यूबखाली, उन्हात आणि पिवळ्या बल्बखाली. तिन्हीकडे करडी राहिली तरच पैसे द्या.

तिसरा पत्ता एका चित्रकार मित्राने दिलेला, सिडकोकडचा. दुकानाची पाटी लॅबची नव्हे, फ्रेमिंगची. तुम्हीही लॅबवाल्यांऐवजी चित्रकारांना आणि फ्रेमवाल्यांना विचारा. आत रुंद प्रिंटर, आणि मी विचारायच्या आधीच त्या काकांनी विचारलं, "कागद कोणता? बॅरायटा की कापसाचा?" (बॅरायटा म्हणजे बेरियमचा थर दिलेला, किंचित चकाकणारा कागद; कापसाचा म्हणजे इथे चकाकी नसलेला, मॅट.) तिथेच निम्मं काम झालं.

या जातीच्या प्रिंटरमध्ये काळ्यासोबत फिकट काळी आणि त्याहून फिकट काळी अशा वेगळ्या शाया असतात. एप्सनच्या अशा काही प्रिंटरांत ब्लॅक अँड व्हाईटसाठी स्वतंत्र मोड आहे. त्यात करडा मुख्यतः या शायांतून बनतो, रंगीत शाया नावापुरत्या. चौकशी करताना एवढंच विचारा: "करड्या शाया किती आहेत?" समोरचा गोंधळला तर चहा घ्या आणि निघा.

कागदावर मात्र आमची तासभर घासाघीस झाली, दराची नव्हे. कापसाच्या मॅट कागदावर वरच्या पायऱ्यांचा खडबडीतपणा असा आला की बोट फिरवावंसं वाटलं. पण तळाचं पाणी? मॅट कागदावर काळा फार खोल जात नाही, पाणी कोळशाच्या भुकटीसारखं दिसायला लागलं. तोच फोटो बॅरायटावर काढला तेव्हा पाण्याच्या काळ्यात बुडालेली शेवटची पायरी दिसली. ती स्क्रीनवरही माझ्या नजरेतून सुटली होती. शेवटी पाणी असलेले पाच फोटो बॅरायटावर आणि उरलेले सात कापसाच्या कागदावर. एकाच भिंतीवर दोन जातीचे कागद नकोत, असं काका म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. एका प्रिंटचे सरासरी साडेनऊशे रुपये पडले, म्हणजे परभणीच्या बारा पट.

फाईलबद्दल. १२ बाय १८ ला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते आरामात बसतं. साध्या लॅबला द्यायची असेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाईट असला तरी फाईल आरजीबीच (लाल-हिरवा-निळा अशी रंगीत) ठेवा, प्रोफाइल (फाईलमधले रंग कसे वाचायचे याची खूण) एसआरजीबी, आणि लॅबने आपल्या मनाने रंग-उजेड बदलू नये म्हणून ऑर्डरच्या कागदावर 'करेक्शन नको' हे स्वतः लिहा. सांगितलेलं संध्याकाळच्या पाळीतल्या माणसापर्यंत पोचत नाही. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणूनच फोटो तयार करा. भर उजेडात केलेला फोटो कागदावर हमखास काळवंडतो. माझे दोन तसेच गेले, चूक माझी, पैसे पुन्हा माझेच.

पुण्या-मुंबईच्या लॅबना फाईल पाठवून कुरिअरने प्रिंट्स मागवता येतात. बारा एकसारखे फोटो असते तर मीही तेच केलं असतं. पण काउंटरवर उभं राहून कागद बदलून बघणं कुरिअरने होत नाही.

प्रिंट्स लगेच गुंडाळू नका. शाई कोरडी दिसली तरी रात्रभर सपाट ठेवलेली बरी, म्हणून मुक्काम करा. कापसाच्या कागदाचा पृष्ठभाग नखानेही खरवडतो, तेव्हा प्रत्येकीवर बटर पेपर. १२ बाय १८ च्या प्रिंट्स दोन हार्डबोर्डांच्या मध्ये सपाट आणल्या. हौसेने काढलेली एक मोठी मात्र चार इंची पीव्हीसी पाईपात घालून, दोन्ही तोंडांना टोपण लावून. पाईप हार्डवेअरच्या दुकानात हवा तेवढा कापून मिळतो.

परतीच्या गाडीत परतूरला चढलेल्या एका बाबांनी पाईप निरखून पाहिला. "बोर घेतला का?" म्हणाले. मी म्हटलं, नाही, बारव आहे आत. ते जरा सरकून बसले.